आठ बाइट एकदम लिहिले जातात, ही हमी कुणाची?

एक थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा धागा) मेमरीत ६४ बिटांचा, म्हणजे आठ बाइटांचा, आकडा लिहितोय आणि दुसरा त्याच क्षणी वाचतोय. वाचणाऱ्याला जुना आकडा मिळेल नाहीतर नवा, अशी बहुतेकांची समजूत असते. पण तिसरंच काही मिळू शकतं.

३२ बिटांच्या मशीनवर एक काउंटर ४,२९,४९,६७,२९५ वर आहे. खालचे ३२ बिट सगळे १, वरचे सगळे ०. त्यात एक मिळवला की खालचे सगळे ० होतात आणि वरच्या अर्ध्यात १ येतो. साधा स्टोअर (मेमरीत लिहिणं) असेल तर हे दोन हप्त्यांत लिहिलं जातं. वरचा अर्धा आधी गेला आणि वाचणारा मध्येच आला, तर त्याला ८,५८,९९,३४,५९१ दिसतो. खालचा आधी गेला तर चक्क ०. यातला कुठलाही आकडा कुणीच लिहिलेला नव्हता. शिवाय काउंटर ही सीमा चार अब्जांहून जास्त वाढींनंतर एकदाच ओलांडतो, त्यामुळे टेस्टिंगमध्ये हा दोष हाती लागणं कठीण.

६४ बिटांच्या मशीनवर हा प्रश्नच उरत नाही, असं म्हणणाऱ्यांनी अलाइनमेंट, म्हणजे आकड्याचा पत्ता त्याच्या आकाराच्या पटीत आहे का, ते तपासावं. इंटेलच्या मॅन्युअलनुसार पेंटियमपासून पुढे ८ च्या पटीतल्या पत्त्यावरचा ८ बाइटांचा लोड (वाचन) किंवा स्टोअर अ‍ॅटॉमिक असतो, म्हणजे मध्ये तुटत नाही. पी-६ (पेंटियम प्रोपासूनची पिढी) पासून अलाइन नसलेलाही चालतो, पण कॅश होणाऱ्या मेमरीत आणि एकाच कॅश लाइनमध्ये (प्रोसेसर आपल्या जवळच्या वेगवान मेमरीत एकदम आणतो त्या तुकड्यात) मावत असेल तरच. आता १ बाइटाचा टॅग आणि ८ बाइटांची व्हॅल्यू असं स्ट्रक्ट पॅक करून, म्हणजे मध्ये रिकामी जागा न सोडता, त्याचा अ‍ॅरे केला, तर प्रत्येक घटक ९ बाइटांचा होतो. कॅश लाइन ६४ बाइटांची आणि अ‍ॅरे तिच्या सुरुवातीपासून धरला, तर पहिले १४ घटक नीट बसतात. १५व्याची व्हॅल्यू (बाइट ० पासून मोजले तर) १२७व्या बाइटपासून सुरू होते: एक बाइट एका लाइनीत, सात पुढच्या लाइनीत. तिथे हमी संपली. दहा घटकांवर टेस्ट केलेला कोड इथे फुटतो. पॅकिंग काढलं की साधारणपणे ७ बाइटांचं पॅडिंग पडतं आणि घटक १६ बाइटांचा होतो. ती जागा वाया गेली असं मानू नका.

आणि हे सगळं झालं प्रोसेसरचं. तुमचा कोड प्रोसेसरपर्यंत पोचतो तो कंपायलरच्या हातून. सी आणि सी++ मध्ये २०११ च्या मानकांपासून साध्या व्हेरिएबलवर डेटा रेस झाली (एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याने बंदोबस्ताशिवाय तेच वाचलं किंवा लिहिलं) की वर्तन अपरिभाषित, म्हणजे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. कंपायलर स्टोअरचे तुकडे करू शकतो, लूपमधलं वाचन बाहेर काढून एकदाच करू शकतो. जावामध्ये रेफरन्सचं वाचन-लेखन नेहमी अ‍ॅटॉमिक असतं, पण साध्या लाँग आणि डबलचं लेखन ३२-३२ बिटांत तोडायची मुभा भाषेच्या व्याख्येतच आहे. व्हेरिएबलला व्होलाटाइल हा शब्द लावला की ती मुभा जाते. सी++ मधलं व्होलाटाइल मात्र यासाठी नाहीच. शब्द एकच असल्याने इथे फार गल्लत होते. गो भाषेत ३२ बिटांच्या एआरएम किंवा ३८६ वर ६४ बिटांच्या अ‍ॅटॉमिक फंक्शनना ८ बाइटांची अलाइनमेंट आपणच द्यावी लागते, १.१९ मध्ये आलेला अ‍ॅटॉमिक इंट६४ टाइप ती स्वतः सांभाळतो.

वाचन अ‍ॅटॉमिक, लेखनही अ‍ॅटॉमिक, म्हणून काउंट++ अ‍ॅटॉमिक होत नाही. ते वाचा, वाढवा, लिहा असं तीन पायऱ्यांचं काम आहे. दोन थ्रेडनी ७ वाचले, दोघांनी ८ लिहिले, एक वाढ गेली. जावातला व्होलाटाइल इंटसुद्धा यातून वाचवत नाही. तिथे फेच-अ‍ॅड (वाचून वाढवणं एकाच अखंड पायरीत) किंवा कंपेअर-अँड-स्वॅप (जुना आकडा तोच असेल तरच नवा लिहिणं) लागतं. एक्स-८६ वर त्यासाठी प्रोसेसरच्या सूचनेला लॉक प्रीफिक्स (ती अखंड चालवायला सांगणारी खूण) लागतो आणि अशी सूचना दोन कॅश लाइनींवर पडली तर सगळी बसच (मेमरीकडे जाणारा सामायिक मार्ग) अडवली जाते. निकाल बरोबर येतो, पण बाकीचे कोर ताटकळतात. लिनक्स कर्नलमध्ये ५.७ पासून अशा स्प्लिट लॉकवर नजर ठेवायची सोय आहे.

सी++ मध्ये १६ बाइटांचं स्ट्रक्ट स्टँडर्ड अ‍ॅटॉमिकमध्ये टाकलं तर आतून लॉक वापरला जाऊ शकतो. सिग्नल हँडलरमध्ये (प्रोग्रॅम मध्येच थांबवून चालणाऱ्या फंक्शनमध्ये) किंवा दोन प्रोसेसमधल्या शेअर्ड मेमरीत ते वापरणार असाल, तर लॉक कधीच लागणार नाही ना, हे सांगणारा सी++१७ चा इज-ऑलवेज-लॉक-फ्री स्टॅटिक-असर्टमध्ये (कंपाइल करतानाच होणाऱ्या तपासणीत) घाला. म्हणजे नडलं तर बिल्डच थांबेल.