परंडा ते किल्लारी: सातबारा नसलेल्यांच्या मागे

सोलापूरहून बार्शी आणि बार्शीहून परंडा, रस्ता तसा सरळ आहे, जानेवारीत दोन्हीकडे ज्वारी कणसात आलेली, आणि नुसतं गाडीतून बघत गेलात तर गेल्या सप्टेंबरात, म्हणजे 2025 ला, इथं एवढा मोठा पूर येऊन गेला हे कुणी सांगून पटणार नाही. सीना नदीच्या अंगाला वळलात की दिसायला लागतं. ऊस आडवा होऊन वाळलेला, बाभळींना उंचावर अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या (पाणी कुठवर आलं होतं ते त्यावरनंच कळतं), आणि मधेच एखादं रान असं की काळी माती गेलीय आणि खालचा मुरूम उघडा पडलाय. पुरात पीक गेलं तर एक हंगाम जातो, माती गेली तर किती वर्षं जातात ते तिथले लोकही सांगत नाहीत, हात हलवतात फक्त.

मी कशाला गेले होते ते सांगते. अमेरिकेत नोकऱ्या करणाऱ्या लोकांचा आमचा एक छोटा ग्रुप आहे, पगारी कुणी नाही, दर रविवारी कॉल, कंपन्यांकडून मॅचिंग (आपण दिलं तेवढंच कंपनीनेही घालायचं) मिळवायचं, इकडच्या कामांना पैसे पाठवायचे. असे बरेच ग्रुप आहेत, त्यातला जुना आणि मोठा म्हणजे 'एड', असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट, 1991 मध्ये मेरीलँड युनिव्हर्सिटीत सुरू झालेला. वॉलंटियरनी सुट्टीवर घरी येताना कामाच्या गावी जाऊन बघून यायचं ही जी साइट व्हिजिटची सवय आहे ती आम्ही अशा जुन्या लोकांकडूनच उचलली. तर माझी सुट्टी होती, आणि माहेर सोलापूरचं, म्हणून मीच गेले.

पुराच्या बातम्या ताज्या होत्या तेव्हा पैसे भराभर आले. पहिले दोन आठवडे फोनवर नुसते व्हिडिओ, लोक विचारायचे जीपे नंबर द्या ना डायरेक्ट. आता हे डायरेक्ट होत नाही हे समजावता समजावता माझा घसा बसतो. परदेशातून संस्थेला मदत पाठवायची तर घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच उतरतो, प्रशासनाचा खर्च 20 टक्क्यांच्या वर नको, आणि मुख्य म्हणजे ज्या संस्थेला पैसे आले तिने ते पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायचे नाहीत. म्हणजे परंड्याजवळच्या एखाद्या गावातला बायकांचा बचतगट, ज्यांनी पुराच्या रात्री शाळेत चुली मांडून अख्ख्या वस्तीला जेवू घातलं, त्यांच्या हातात आमचा एक रुपया पोचू शकत नाही. नोंदणी असलेल्या संस्थेने स्वतःच तिथं जाऊन काम करायचं. हिशोब चोख असावा हे मला मान्यच आहे, पण या गाळणीतून लहान माणसं गळतात, ते आमच्यातल्या कॉर्पोरेटवाल्यांना लवकर लक्षात येत नाही.

गावात समाजमंदिरात बसलो. आमच्या पार्टनर संस्थेची कार्यकर्ती होती, आणि बायका वीसेक, नंतर वाढत गेल्या. मी वही काढली आणि सवयीने आमच्या फॉर्मप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, जमीन किती. एक मावशी म्हणाली, "जिमीन असती तर हितं कशाला बसले असते ताई, तलाठ्याच्या दारात नसते का बसले?" सगळ्या हसल्या. मग कळत गेलं. सरकारने खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत जाहीर केले होते, पण हे सगळं मिळतं ते ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. मावशीने दुसऱ्याचं रान बटईने केलं होतं, सोयाबीनचं बी तिनं घातलेलं, खत तिचं, खुरपणी तिची, आणि पंचनाम्यात नाव मालकाचं, जो पुण्यात राहतो. मालक वाईट माणूस नाही बरं का, त्याने थोडे पैसे दिलेत म्हणे, पण ते त्याच्या मनावर. बाकीच्या बायकांचं तर तेवढंही नाही, रोजाने खुरपायला जाणाऱ्या, रान गेलं म्हणजे यांची मजुरी गेली, आणि गेलेल्या मजुरीचा पंचनामा कोण करणार? एकीचा नवरा वारलाय आणि जमीन अजून सासऱ्याच्या नावावर. बहुतेक जणी मातंग आणि बौद्ध वस्तीतल्या, ओढ्याला लागून घरं, म्हणजे पाणी पहिलं शिरलं ते त्यांच्याकडेच.

तिथून निघाल्यावर मी मुद्दाम वाट वाकडी करून धाराशिव, औसा करत किल्लारीला गेले. सोबतचा ड्रायव्हरदादा म्हणाला, तिथं आता काय बघणार? 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं. सरकारी आकडा 7,928 मृत्यूंचा. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा मातीचा भार, सगळं अंगावर आलं. ही माहिती शाळेपासून असते आपल्याला. मला बघायची होती ती नंतर बांधलेली घरं.

तर ऐका. जागतिक बँकेचं कर्ज आलं, 52 गावं नव्या जागी उठवून वसवली, आणि घरं कशी द्यायची ठरलं? जमिनीवरून! भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंतवाल्यांना 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 400, आणि त्यावर ज्यांची जमीन त्यांना 750. भूकंपाने कुणाचा सातबारा बघितला नव्हता, घर देताना मात्र बघितला गेला. तीसेक वर्षांनी नव्या किल्लारीत फिरताना ते अजून डोळ्यांना दिसतं, रुंद सरळ रस्ते, आखलेले चौकोन, आणि लहान घरांच्या पुढे-मागे पत्रे टाकून, ताडपत्री बांधून वाढवलेल्या खोल्या. एका घरात चहा झाला, आजोबा म्हणाले पोरं चार होती, सुना आल्या, अडीचशे फुटात कुठं मावणार? सिमेंटच्या त्या खोलीत ते उन्हाळ्यात झोपतच नाहीत, बाहेर बाज टाकतात.

याच भागात एक चांगली गोष्टही झाली आणि तिचा गाजावाजा कमी आहे. जी गावं उठवली नाहीत तिथं घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम होता, त्यात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. अनुदान कुठं अडलंय, कोपऱ्यात दगड नीट सांधलाय का, हे त्या बघायच्या, इंजिनिअरला विचारायच्या. 2001 ला भूजचा भूकंप झाला तेव्हा याच लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छला गेल्या, तिथल्या बायकांना सांगायला. मला विचाराल तर आमच्यासारख्यांनी घरांचे आकडे मागण्यापेक्षा असल्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे द्यावेत, पण फंडरेझरच्या पोस्टरवर तिकिटाचा फोटो काय चांगला दिसणार.

परंड्याच्या बायकांनी काय मागितलं ते राहिलंच. घरं नकोत म्हणाल्या. विहिरीतला गाळ उपसायचं काम द्या, मजुरी रोजच्या रोज, आणि हजेरी आमच्यातली एक लिहिणार, मुकादम नको. ज्यांना हे जड काम होणार नाही त्यांना शेळ्या. यादी त्यांनीच केली, एका नावावरून चांगलंच भांडण झालं, ती बाई घरची बरी आहे की नाही यावर, शेवटी ती स्वतःच उठून म्हणाली माझं नाव काढा पण माझ्या जावेचं घाला.

परत आल्यावर आमच्या शीटमधला 'जमीन' हा कॉलम मी काढून टाकला आणि तिथं 'गेल्या हंगामात कुणाच्या रानात कामाला होता' असा घातला. लगेच दोघांची ईमेल आली, हे व्हेरिफाय कसं करायचं. मी लिहिलं की गावात विचारून, आणि रविवारच्या कॉलवर त्या कार्यकर्तीलाच बोलावलंय, तिची तिकडे संध्याकाळ होईल अशी वेळ धरा, नाहीतर दरवेळी तिलाच रात्री जागावं लागतं.