गोष्ट पातळ, चोर भारी

झोपायला हवं, पण डोळ्यांसमोरून चित्रं हलत नाहीत. आज ‘द थीफ अँड द कॉब्लर’ (चोर आणि मोची) हा ॲनिमेशनपट पाहिला. तोही अर्धवट, दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्सच्या हातून सुटला तेव्हा होता तसा. रंगीत दृश्य चालू असताना मध्येच रंग संपतात आणि नुसती पेन्सिलची रेघ धावायला लागते. काही ठिकाणी तीही नाही, स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंग आखायला आधी काढलेली, स्थिर चित्रं.

विल्यम्सने हे काम १९६४ मध्ये सुरू केलं. वेळेत होत नाही म्हणून १९९२ मध्ये ते त्याच्याकडून काढून घेतलं. मधल्या काळात जाहिराती करून पोट भरायचं आणि उरलेला वेळ या चित्रपटात ओतायचा. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम जातात; एरवी एक चित्र दोन फ्रेम टिकवून बारा चित्रांत भागवतात. हा गडी बहुतेक ठिकाणी चोवीसच्या चोवीस काढायचा. सगळं हाताने.

आणि ते दिसतं हो! राजवाड्यातला पाठलाग तीनदा मागे घेऊन पाहिला. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, तिच्यातूनच उगवणारे जिने. भिंत वाटते ती जमीन निघते, जमीन वाटते तिथे खड्डा. पर्शियन लघुचित्रांसारखं सगळं सपाट, आणि त्या सपाटपणातूनच डोळ्यांना चकवा. झिगझॅग नावाचा वजीर चालतो तेव्हा त्याच्या जोड्यांची गुंडाळलेली टोकं प्रत्येक पावलाला उलगडतात. हे कोणी मागितलं होतं? कोणीच नाही.

गोष्ट मात्र दोन ओळींची. मिनारावरचे तीन सोन्याचे गोळे गेले तर नगरी बुडणार असं भाकीत. गोळे जातात, शत्रू येतो, गरीब मोची नगरी वाचवतो, राजकन्या त्याची होते. मोची गोड आहे, तोंडात धरलेल्या खिळ्यांवरून त्याचा चेहरा वाचता येतो. पण त्याला राजकन्या का आवडली, तिला तो का, याचं कुणालाच काही पडलेलं नाही. त्यांचे प्रसंग आले की मी घड्याळाकडे बघत होतो.

चोराच्या वेळी एकदाही नाही. गंमत अशी की चोराची गोष्ट त्याहून पातळ, एका ओळीची: त्याला सोनं हवंय. डोक्याभोवती माश्या घोंघावतायत, प्रत्येक बेत फसतोय, तरी हवंय. शेवटी शत्रूचं ते अवाढव्य युद्धयंत्र मोच्याच्या एका खिळ्याने कोसळायला लागतं. चाकं, तोफा, जळती लाकडं, सगळं एकमेकांवर आदळतंय आणि हा पठ्ठ्या त्यातून गोळ्यांच्या मागे. युद्ध चालू आहे हे त्याच्या गावीही नाही! मी श्वास रोखून बघत होतो ते नगरी वाचेल का म्हणून नाही, याला गोळे मिळतील का म्हणून.

म्हणजे ‘दृश्यं सुंदर, कथा कमकुवत’ एवढं म्हणून भागत नाही. घटना कमी असल्याचा त्रास मला झाला नाही. ज्याला काही हवंच नाही अशा माणसाकडे बघत बसण्याचा झाला. विल्यम्सचा जीव चोरात होता हे कुठल्याही फ्रेमवर बोट ठेवून दाखवता येईल. प्रेमकथा त्याने उरकली आहे.

ज्यांनी नंतर चित्रपट पूर्ण केला त्यांनाही कथा कमी वाटली असावी. पण त्यांचा उपाय काय, तर भर घालायची. १९९३ च्या आवृत्तीत गाणी आली, जवळजवळ मुका असलेला मोची बोलायला लागला. १९९५ च्या अमेरिकी आवृत्तीत तर चोरही मनातल्या मनात अखंड बडबडतो. जे हातवारे बघून आधीच कळलंय तेच पुन्हा कानात. तिचा एक तुकडा लावून पाहिला आणि आवाज बंद केला. तसा बरा चालतो.