मिलानच्या गल्लीत आण्याचं तिकीट

मिलानला गेलेला मराठी माणूस ड्युओमो बघतो, गॅलेरियात फोटो काढतो आणि पुढच्या गाडीने व्हेनिसला पळतो. पोस्टाच्या तिकिटांचं वेड असेल तर रविवारची सकाळ राखून ठेवावी आणि मेट्रोने कोर्दुझिओला उतरावं. तिथून चार पावलांवर विया आर्मोरारी नावाची गल्ली आहे, तिथे नाण्यांचा आणि तिकिटांचा बाजार भरतो. कोर्दुझिओच्या जुन्या पोस्टाच्या इमारतीत आता स्टारबक्स थाटलंय, आणि तिकिटं बाहेर रस्त्यावर!

मी शोधत होतो इटलीच्या वसाहतींची तिकिटं, त्यातही बेनादिरची. बेनादिर म्हणजे मोगादिशूच्या बाजूचा सोमालियाचा किनारा. तिथली बंदरं इटलीने झांझिबारच्या सुलतानाकडून आधी भाडेपट्ट्याने घेतली आणि १९०५ मध्ये विकतच घेऊन टाकली. १९०३ च्या पहिल्या संचात सात तिकिटं आहेत. दोन हत्तीची, बाकीची सिंहाच्या चेहऱ्याची. छपाई इटलीची, पण किमती लिऱ्यात नाहीत, बेसा आणि आण्यात! चार बेसांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची उठबस होती, रुपया ओळखीचा होता, त्यामुळे पोस्टालाही तोच हिशेब धरावा लागला. पुढे त्याच तिकिटांवर इटालियन चेंतेसिमींचे (लिऱ्याचा शंभरावा भाग) ओव्हरप्रिंट, म्हणजे वरून छापलेले आकडे, बसले.

एका म्हाताऱ्या विक्रेत्याने अल्बम पुढे सरकवला. पात्मोस, लेरोस, कॉस असं एकेका एजियन बेटाचं नाव छापलेली तिकिटं, मग ओल्त्रे जुबा, म्हणजे आफ्रिकेतली जुबा नदीपलीकडची वसाहत, जिचा तिकिटांचा संसार जेमतेम वर्षभराचा. १९३० च्या दशकातले विमानटपालाचे देखणे संचही होते. मला त्यांचं फारसं आकर्षण नाही. त्यातले कित्येक टपालापेक्षा संग्राहकांच्या खिशाकडे बघूनच काढल्यासारखे वाटतात.

म्हणूनच या वसाहतींच्या बऱ्याच तिकिटांत कोऱ्यापेक्षा खरोखर टपालात वापरलेलं तिकीट महाग. मग खोटे शिक्के मारणारेही आलेच. एक आण्याची दोन तिकिटं समोर होती, एक कोरं, एक मोगादिशूचा शिक्का असलेलं. शिक्का बरोबर कोपऱ्यात, तारीख अगदी स्वच्छ, जणू कारकुनाने श्वास रोखून मारलेला. इतकी टापटीप बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. “चेर्तिफिकातो?” म्हणजे प्रमाणपत्र आहे का, मी विचारलं. त्याने खांदे उडवले. ते तिकीट तिथेच राहिलं.

कोरं तिकीट चिमट्याने उलटं केलं. डिंक मूळचा, त्यावर जुन्या हिंजचा (अल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचा) फिकट चौकोन आणि खालच्या कडेला पेन्सिलीने बारीक सही. इटलीत तज्ज्ञ तपासलेल्या तिकिटाच्या पाठीवर अशा सह्या करत; दिएना घराण्यातल्या तज्ज्ञांच्या सह्या तर फार मानल्या जातात. अर्थात सह्याही खोट्या निघतात, तेव्हा भारी तिकिटाला प्रमाणपत्र हवंच. एक आण्याला मात्र तेवढा खर्च परवडत नाही. भिंगातून कडेचे दाते मोजले, उजेडात धरून कागदातल्या वॉटरमार्कचा मुकुट पाहिला आणि घासाघीस सुरू केली. म्हातारा सास्सोने या इटालियन तिकिटांच्या कॅटलॉगमधल्या किमतीवर बोट ठेवून बसला होता. कॅटलॉगच्या भावाने तिकीट कोणी घेत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटी निम्म्याच्या आत सौदा पटला.

दहा आण्यांचं आहे का, विचारलं तर म्हणाला, नोव्हेंबरात वेरोनाच्या तिकीट-मेळ्याला या, पण पाकीट जड घेऊन या.