कागदी लिंबावरची साइडकार

साइडकार या कॉकटेलमध्ये जिन्नस तीनच: ब्रँडी, संत्र्याची लिकर (म्हणजे संत्र्याच्या वासाचं गोड मद्य) आणि लिंबाचा रस. 1922 साली लंडनला छापलेल्या कृतींत तिन्ही समसमान होते. 1930 पर्यंत ब्रँडी दुप्पट झाली. आज आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं माप 50, 20, 20 मिली असं आहे. मी सुरुवात याच मापाने केली आणि मुंबईच्या बाजारातल्या लिंबावर ते जमलं नाही. पेय इतकं आंबट झालं की ब्रँडी कुठे गेली तेच कळेना.

त्या कृतींतलं लिंबू म्हणजे जाड सालीचं, पिवळंधमक लेमन. आपल्या भाजीवाल्याकडचं कागदी लिंबू ही जातच वेगळी. आकाराने लहान, सालीने पातळ आणि रसाने जास्त जहाल. आंबटपणा मारायला आधी साखरेचा पाक वाढवून बघितला, तर ते ब्रँडी घातलेलं लिंबूसरबत झालं. मग रस उतरवत गेले आणि लिकर चढवत गेले. शेवटी जे माप बसलं ते असं: ब्रँडी 50, लिकर 25, कागदी लिंबाचा रस 15 मिली. क्रॉफर्ड मार्केटातून पिवळं लेमन आणलं असेल तर मात्र खुशाल 50, 20, 20 वर जावं.

लिंबू ओट्यावर तळहाताने दाबून फिरवायचं, मग चिरायचं. यंत्रात घालून पार चोथा होईपर्यंत पिळायचं नाही, सालीतला कडवटपणा उतरतो. रस लगेच चहाच्या गाळणीतून गाळून घ्यायचा, बिया त्यात राहू द्यायच्या नाहीत. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी वापरू नये, वास मरतो.

घरातल्या पेग मेजरवर 30 आणि 60 एवढ्याच खुणा असतात, त्यामुळे 15 आणि 25 अंदाजाने ओतले जातात आणि तिथेच घोटाळा होतो. खोकल्याच्या औषधासोबत येणारं प्लास्टिकचं झाकण धुऊन ठेवावं. त्यावर 5 आणि 10 च्या रेघा असतात आणि त्या पुरतात. या पेयात 5 मिली म्हणजे खूप झालं.

मूळ साइडकार कोन्याकची, म्हणजे फ्रान्सच्या कोन्याक भागातल्या द्राक्षांच्या ब्रँडीची. बाटलीवर व्हीएस म्हणजे मिश्रणातली सर्वात कोवळी ब्रँडी किमान 2 वर्षं लाकडात मुरलेली, व्हीएसओपी म्हणजे 4 वर्षं. व्हीएस पुरेशी आहे. लिंबाखाली महागड्या बाटलीचा नाजूकपणा दबतो, ती नुसतीच प्यावी. आपल्याकडच्या ब्रँडीवरही साइडकार होते, पण लेबल वाचून घ्यायचं. बऱ्याच देशी ब्रँड्यांत उसाच्या मळीचं स्पिरिट असतं, वर रंग आणि वास. द्राक्षांच्या स्पिरिटची ब्रँडी असेल तर फरक पहिल्या घोटातच लागतो. गोडसर, व्हॅनिलाच्या वासाची ब्रँडी असेल तर लिकर 25 वरून 20 वर आणायची. (महाराष्ट्रात परमिट लागतं आणि ब्रँडीसाठी वय 25 पूर्ण हवं.)

लिकर म्हणून क्वांत्रो ही फ्रेंच संत्र्याची लिकर उत्तम, पण किंमत बघून हात थबकतो. घरची जमते आणि मला ती आवडतेही. तीन नागपुरी संत्री कोमट पाण्याने चोळून धुवायची. साल काढून आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकायचा, अगदी साल उजेडात धरली तर आरपार दिसेल इतका. तो राहिला तर लिकर कडू होणार, मग कितीही साखर घाला. ही साल 200 मिली साध्या व्होडकात 24 तास ठेवायची. 48 तासांच्या पुढे गेलं की संत्र्याच्या वासाची जागा औषधी वास घेतो. गाळून त्यात 80 ग्रॅम साखर आणि 60 मिली पाण्याचा पाक घालायचा, पण पूर्ण गार करूनच. गरम पाकाने वास उडतो. साधारण 300 मिली लिकर होते. क्वांत्रो 40 टक्के अल्कोहोलची, ही 27-28 टक्क्यांची, म्हणून पेय थोडं हलकं लागतं. फ्रिजमध्ये महिनाभर छान राहते.

बर्फाकडे कुणी बघत नाही आणि निम्मी साइडकार तिथेच बिघडते. ज्या फ्रीजरमध्ये बोंबील आणि सुरमई आहे, तिथल्या उघड्या ट्रेमधला बर्फ तो वास शोषून घेतो. झाकणाच्या डब्यात वेगळा बर्फ लावावा. शिवाय मुंबईच्या हवेत बर्फ दोन मिनिटांत पाझरायला लागतो आणि ते पाणी थेट पेयात जातं. म्हणून सगळं मोजून शेकरमध्ये ओतून झाल्यावरच बर्फ फ्रीजरमधून काढायचा, सात-आठ मोठे तुकडे. चुरा नको. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बरणी चालते. ती गार झाली की झाकण आवळून बसतं, वरून कोमट फडकं फिरवलं की सुटतं.

12 ते 15 सेकंद जोरात हलवायचं. शेकर हातात धरवेनासा गार झाला, बाहेरून धुकं धरलं, की थांबायचं. पुढे नुसतं पाणी वाढतं. ओततानाही चहाची गाळणी मध्ये धरायची, बर्फाचे कण अडतात.

ग्लासच्या कडेला साखर लावायची पद्धत नंतरची. तिने आंबटपणा सावरतो, पण पावसाळ्यात ती तापदायक होते. फ्रीजरमधून काढलेल्या ग्लासला लगेच घाम सुटतो आणि साखरेचे ओघळ बोटांवर येतात. मी ग्लास फ्रीजरऐवजी फ्रिजमध्ये ठेवते. कडेच्या फक्त अर्ध्या भागावर, तेही बाहेरूनच, लिंबाची फोड फिरवते आणि मिक्सरमध्ये एकदाच फिरवलेली साखर लावते. पिठीसाखर नको, तिचा चिकटा होतो. अर्धी कड कोरी ठेवली की पिणारा ठरवतो कुठून घोट घ्यायचा.

वर सालीची पट्टी हवी. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, त्यावर सोलाणं नीट चालत नाही. घट्ट सालीचा माल्टा घ्यायचा. पट्टी रंगाची बाजू खाली करून पेयावर चिमटली की तेलाचे बारीक थेंब पृष्ठभागावर पसरलेले दिव्याखाली दिसतात, आणि नाकाला ब्रँडीच्या आधी संत्रं लागतं.

ग्लासात साधारण 115 मिली येतं, दिसायला इवलंसं. पण त्यातला अल्कोहोल 60 च्या लार्ज पेगपेक्षा जास्त असतो, तेव्हा दुसरा ग्लास जेवण वाढल्यावर.