तीन पोंचो, दोन माणसं आणि वाळपईचा पाऊस

ऑक्टोबर संपता संपता मी आणि आतेभाऊ गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या वाळपईजवळ ओळखीच्या एका काकांच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागायतीत, दोन रात्री काढून आलो, तंबू नाही, नुसते मिलिटरी सरप्लसचे पोंचो, म्हणजे मधोमध टोपी असलेल्या, रेनकोटसारख्या अंगावर घ्यायच्या चादरी. म्हादई अभयारण्य जवळच आहे पण तिथे परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही, म्हणून खाजगी जागा. काका शेवटपर्यंत म्हणत होते, अरे घरात खाटी रिकाम्या आहेत.

पोंचो अमेरिकन आर्मीच्या मापाचे, साधारण ६६ बाय ९० इंच, कडेने टिचबटणं आणि रिंगा. दोन पोंचो लांब बाजूने बटणांनी जोडले आणि जोड दोरीवर टाकला की दोघांपुरतं छप्पर होतं. एकाच पोंचोचं केलं तर एक माणूस कसाबसा मावतो, तोही पाय आखडून. खुंट्या नेल्या होत्या पण जांभ्यात घुसतील तर शपथ, शेवटी कडेच्या दोऱ्या दगडांना बांधल्या. आणि पोफळीखाली अजिबात नको, वाळकी झावळी विरीसकट, म्हणजे देठाच्या रुंद आवरणासकट, वरून येते तेव्हा आवाजानेच काळीज हलतं. आम्ही वरच्या काजूंकडे सरकलो.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास पाऊस आला आणि आमची अक्कल निघाली. टोपी नुसती आत दुमडून ठेवलेली, तिथून थेंब बरोबर आतेभावाच्या छातीवर. गळ्याची नाडी गच्च आवळा, टोपी पिरगळून दुमडा, वरून दोरी बांधून बाहेरच्या बाजूला ओढून ठेवा. आडव्या दोरीवरूनही पाणी आत चालत येतं, छपराच्या थोडं बाहेरच दोरीला चिंधी बांधली की तिथेच ठिबकतं. तिसरा पोंचो खाली अंथरलेला, त्याच्या कडा छपराबाहेर राहिल्या आणि वरचं सगळं पाणी आमच्याच पाठीखाली जमा झालं. दुसऱ्या रात्री कडा आत दुमडल्या, कोरडे झोपलो. पहाटे आतून ओलं वाटतं ते गळणं नाही, आपल्याच श्वासाची वाफ, छपराची दोन्ही तोंडं उघडी ठेवा.

आता खरी गोची, तिन्ही पोंचो कामाला लागल्यावर रात्री लघवीला जायचं तर अंगावर काय घालणार? छत्री न्या, हसू नका.

डिसेंबरपासून पुढे उन्हाळ्यापर्यंत जात असाल तर सत्तरीत माकडताप विसरू नका, २०१५ पासून इथे केसेस आहेत. गोचिडीतून होतो, पाचोळ्यावर थेट बसूसुद्धा नका, अंथरायचा पोंचो आधी काढा आणि उचलताना दोन्ही बाजूंनी बघून झटका, कारण गोचीड त्यावरही चढते. ताप आला तर जंगलात होतो हे डॉक्टरला आधी सांगा.

विकत घेताना घडी उघडून आतला थर चिकट लागतो का बघा, जुना माल आपल्या दमट हवेत लवकर सुटतो. अंथरायचा एक कायमचा वेगळा ठेवा, काट्यांनी त्याला भोकं पडतातच आणि मग तो छपराला चालत नाही. रंग साधा हिरवाच घ्या, लष्करी छाप्याचा घेऊन नाक्यावर खुलासे देत बसायला कोणी सांगितलंय.

एक पोंचो काकांनी ठेवून घेतला, सुपारी वाळत घातल्यावर सर आली तर झाकायला म्हणे. त्यामुळे सध्या आम्ही तिसरा शोधतोय.