चौथी सीट

मे संपत आला की आमच्या मजल्यावरच्या बाकी घरांत नव्या वह्यांना खाकी कव्हरं चढू लागतात. मी मात्र गेल्या वर्षीची जुनी दोनशेपानी उघडून बसते. लेक नऊ वर्षांची, आणि तिच्या घरच्या शाळेचं हे दुसरं वर्ष संपलं.

पहिल्याच पानावर मागच्या जूनचं वेळापत्रक आहे, लाल शाईच्या रेघांसकट. आठ ते नऊ गणित, मग मराठी, मग चक्क मधली सुट्टी! एक बाई, एक विद्यार्थिनी, आणि मधली सुट्टी. शाळा नको म्हणून लेकीला घरी ठेवलं, आणि माझ्या डोक्यातली शाळा तेवढी पाटीदप्तरासकट घरात आणून ठेवली. जुलैचा पाऊस लागला तसं ते वेळापत्रक वाहून गेलं.

पुढच्या पानांवर ‘काय शिकलो’ असा रकाना आहे. खरं सांगायचं तर तो मी लेकीसाठी कधी लिहिलाच नाही. तो लिहिला लिफ्टसाठी. शेजारच्या काकू भेटल्या की विचारतात, “मग, बाकी काय? हिच्या शाळेचं काय ठरलं?” तळमजला येईपर्यंत पुरेल एवढं उत्तर लागतं. राज्याच्या मुक्त विद्यालयातून पाचवीची परीक्षा देता येते, हे सांगेपर्यंत दुसरा मजला येतो. पुढचे दोन मजले मी हसून काढते.

एप्रिलच्या पानावर त्या रकान्यात दोनच शब्द आहेत: ‘भागाकार, बाकीसह’. वाचून हसू आलं.

१६ एप्रिलला आम्ही मुद्दाम ठाणे स्टेशनवर गेलो होतो. १८५३ साली याच तारखेला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे. (सुमारे ४००, पण भागाकाराला ‘सुमारे’ चालत नाही.) मी गणित तयारच ठेवलं होतं: एका डब्यात किती माणसं? फलाटावरच्या बाकड्यावर बसून तिनं केलं. २८, बाकी ८. बरोबर. मी पुढच्या गणिताकडे वळले.

ती वळेना. “आई, ते आठ जण कुठे बसले?”

आयुष्यात मी शेकडो भागाकार केले असतील. बाकी लिहायची, खाली दोन रेघा मारायच्या आणि पान उलटायचं. बाकी राहिलेल्यांचं पुढे काय झालं, हे कधी मनातही आलं नव्हतं. तिनं घरी येऊन गाडीचं चित्र काढलं. गाडीला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. आठ जणांना इंजिनांत बसवलं, तर दोन-दोन बसून पुन्हा दोघं उरले. तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा पडलेला.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “अगं, आठ डब्यांत एकेक जास्त बसव. मी बावीस वर्षं लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बसून नोकरी केली, टेकायला मिळालं की पुरे.” ८ डब्यांत २९, ६ डब्यांत २८. लेकीनं बेरीज केली: ४००. त्या संध्याकाळी आजींनी पाढेसुद्धा विचारले नाहीत.

आता पुढचं वर्ष. अपूर्णांक आहेत, थंडीत फ्लेमिंगो आले की ऐरोलीची खाडी आहे. विज्ञानाचं यंदा आम्ही अगदीच वाटोळं केलं, ते सावरायचंय. एका गोष्टीला मात्र वहीत रकानाच सापडत नाही. दुपारभर सोसायटी ओस असते. पाचला बाकीची मुलं क्लासमधून सुटेपर्यंत लेक खिडकीत उभी असते, हातात लगोरीच्या चपट्या फरशा. आजी उत्तम आहेत, पण त्यांच्यानं पळवत नाही. बुधवारी तलावपाळीवर अशीच घरी शिकणारी दोन मुलं भेटतात. दोन. लगोरीला निदान सहा तरी हवीत.

वेळापत्रकातली मधली सुट्टी खोडायला घेतली, तर तिनं पेन धरलं. “ती राहू दे. तीच वाढव.”

काल लिफ्टमध्ये काकू होत्याच. “काय गं, बाकी काय?”

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, “आठ. पण बसले ते.”