झिजलेल्या लेथचा बेड पुन्हा जमवून घेताना

आमच्या लेथवर शाफ्ट चकच्या (जॉब पकडून फिरवणाऱ्या पकडीच्या) बाजूला जाड आणि टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) बारीक निघायला लागला, तेव्हा सगळ्यांचा पहिला संशय हेडस्टॉकवर, म्हणजे चक फिरवणाऱ्या भागावर. लेव्हल लावली, टेस्ट बार (अचूक सरळ दांडा) चढवून डायल (बारीक फरक दाखवणारा मापक) फिरवला. हेडस्टॉक सरळ होता. मग सॅडलच्या, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाच्या, खालच्या पट्ट्या आवळल्या. चकजवळ सॅडल छान चालायचं, पण टेलस्टॉककडे ढकलताना मध्येच घट्ट व्हायचं. म्हणजे बेड, ज्यावर सॅडल सरकतं तो लांब पाया, सगळीकडे सारखा झिजला नव्हता. आमचे बहुतेक जॉब आखूड. सॅडलच्या सगळ्या येरझाऱ्या चकजवळच्या हातभर पट्ट्यातच. बेडवर टेलस्टॉकच्या पट्ट्या वेगळ्या आणि कमी झिजलेल्या असतात, त्या धरून डायल फिरवला तर चकपाशी ०.१५ मिमीचा खड्डा.

नुसतं टूल एवढं खाली गेलं तर ५० मिमीच्या जॉबवर फरक मायक्रॉनभराचा (मिमीच्या हजाराव्या भागाचा) पडतो. पण बेडवरची पुढची व्ही (सॅडल जिच्यावर सरकतं ती V आकाराची कड) जास्त झिजते, सॅडल पुढे कलतं आणि टूल जॉबपासून बाहेर सरकतं. ते सरकलेलं अंतर व्यासात दुप्पट होऊन दिसतं.

कोल्हापूरकडे लेथवर चढणारा माल बराचसा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडातलं ग्रॅफाइट थोडंफार वंगणाचं काम करतं, म्हणून बेडही बिडाचेच ओततात. मात्र त्याच बिडाची कोरडी भुकटी तेलात मिसळली की लॅपिंगची, म्हणजे धातू घासून काढणारी, पेस्ट तयार होते. सॅडलच्या टोकांचे, बेड पुसत जाणारे फेल्टचे वायपर वाळून कडक झाले होते, त्यामुळे ही पेस्ट सरळ आत जात होती. माझ्या मते बेड खाल्ला तो या भुकटीने, वयाने नाही.

बेड ग्राइंडिंगला पाठवला. ग्राइंडिंगने बेड उतरतो, त्यावरचं सॅडलही उतरतं आणि लीड स्क्रू (सॅडल ओढणारा लांब आट्यांचा दांडा) एप्रनशी (सॅडलच्या पुढच्या पेटीशी) जुळेनासा होतो. ती उंची भरून काढायला सॅडलखाली टर्साइटची पट्टी चिकटवली. हे ब्राँझची भुकटी घातलेलं टेफ्लॉन, रंगाने निळसर-हिरवं. इपॉक्सी लावून वजनाखाली ठेवलं आणि मग स्क्रेपिंगवाल्या मिस्त्रींना बोलावलं.

या कामातला खरा आनंद तिथे होता. मिस्त्री बेडवर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवायचे, सॅडल ठेवून थोडं घासायचे आणि उलटं करायचे. जिथे निळं लागलं तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने हलका खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा घासणं. आधी चार-दोन मोठे डाग, मग हळूहळू सगळीकडे बारीक ठिपके. मला वाटलं आता गुळगुळीत करणार. मिस्त्री म्हणाले, “मालक, आरसा करायचा न्हाई. तेलाला बसायला जागा नको व्हय?” ठिपक्यांमधले खोलगट भाग मायक्रॉनांचेच, पण तेल धरून ठेवणारे तेच.

डिप्लोमाला स्ट्रिबेकचा वक्र (वेगानुसार घर्षण कसं बदलतं ते दाखवणारा) पाठ केला होता, त्याचा अर्थ तिथे उभं राहून कळला. फिरत्या शाफ्टखाली तेलाचा थर आपोआप उचलला जातो. इंच-इंच सरकणाऱ्या सॅडलखाली वेगच नाही, तर थर कुठून धरणार? उंचवटे एकमेकांना टेकलेलेच राहतात. म्हणून सॅडल आधी अडतं आणि मग एकदम उडी मारतं. टर्साइटवर हे खूप कमी होतं, कारण हलायला लागणारा जोर आणि हलत ठेवायला लागणारा जोर जवळपास सारखाच असतो.

तेलही बदललं. आधी ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल घालत होतो. स्लाइडवे तेलही ६८ नंबरचंच. ४० अंशाला दोन्ही सारखीच दाट. फरक आत मिसळलेल्या द्रव्यांचा: स्लाइडवेचं तेल पृष्ठभागाला चिकटून राहतं, सहज ओघळत नाही. दर लिटरला महाग पडतं, पण इथे काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता क्रॉस स्लाइडचं (सॅडलवर टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल किंचित फिरवलं की डायलचा काटा तेवढाच हलतो. वायपर नवे बसवले आणि बिडाचा जॉब संपला की बेड पुसूनच पुढचा जॉब चढतो. हाफ-नट (आटे पाडताना लीड स्क्रूला धरणारं) मात्र झिजलेलं तसंच ठेवलंय. आटे पाडायचं काम आमच्याकडे फारसं येत नाही.